आवक वहीतली तिची शेवटची नोंद

धानाच्या कोंड्याचा वास आला, की लाखनीच्या एका राइस मिलचं ऑफिस आठवतं. तिथलं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर माझं होतं आणि दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला त्यात शिरायची वाट, म्हणजे एपीआय, मी खुली ठेवली नव्हती. त्यामुळे आलेला प्रत्येक मेल तिथल्या कारकून बाई हातानं आवक वहीत उतरवायच्या. त्यांनी स्वतः शिकून एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि मला म्हणाल्या, "सर, तुमचा एपीआय खुला करून द्या ना. नोंदी आपोआप छापून येतीन. हात सुजून राहिला माहा." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, दार खुलं ठेवलं तर मले कोण विचारन?" सगळे हसले. बाईही हसल्या. पुढच्याच महिन्यात त्यांच्याकडून एक मेल उतरवायचा राहिला आणि सानगडीला जायचा ट्रक करडी गावाला गेला. मालकानं त्यांना काढल्याचा मेल ऑफिसच्याच पत्त्यावर टाकला. बाईंनी तो वाचला, वहीत आवक क्रमांक घातला आणि सुजलेल्या हातानं, सुवाच्य अक्षरात अख्खा उतरवला. मी समोर चहा पीत होतो. ती वाट उघडायला मला दहा मिनिटं लागली असती. अजूनही तेवढीच लागतील. मी ती अजून उघडलेली नाही.