डब्यावरचं नाव

ये गं, अशी जवळ सरकून बस. बसलीस असं समजते आणि आधी रागावून घेते. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, डबा नको पाठवूस, इथं पुण्यात सगळं मिळतं." मिळत असेल बाई. पण त्याच डब्यावर तुझी आई शिकली, हे तुला कुणी सांगितलंय का?

तुझी आई सांगलीला कॉलेजात होती, तेव्हा तिचा डबा माझी आई, म्हणजे तुझी पणजी, पाठवायची. माझं माहेर आणि सासर पलूसजवळच्या एकाच गावात, एकाच गल्लीत. मी उजाडलं की रानात भांगलायला, म्हणून नातीचा डबा आईनं आपल्याकडं घेतला. भाकरी, वांगं नाहीतर घेवडा, कोपऱ्यात चटणीचा गोळा. फडक्यात बांधून फाट्यावर जायची आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. सांगलीच्या स्टँडवर तुझी आई तो उतरवून घ्यायची.

डबा होता माझ्या लग्नातल्या आहेराचा. कोरेगावच्या माझ्या मामानं दिलेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी मामाचं अख्खं नाव आणि खाली "कोरेगाव". आपल्या घरात निम्म्या भांड्यांवर दुसऱ्यांचीच नावं. कोण वाचतंय?

शेवटच्या वर्षाची परीक्षा आली. तुझ्या आजोबांनी ठरवूनच टाकलं होतं, परीक्षा बास, पोरीचं लग्न उरकायचं. आई जावयापुढं कधी बोलली नव्हती, ती तेव्हा बोलली. "एवढी परीक्षा हुं द्या. न्हाई पास झाली तर मी तोंड उघडणार न्हाई."

आणि तुझी आई काय करते? रविवारी घरी आली आणि हॉलतिकीट फडताळातच विसरून गेली! पेपर बुधवारी. मंगळवारी आईनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाकरीखाली ठेवलं आणि डबा गाडीत दिला. नेमका त्या दिवशी कंडक्टर नवा. तुझी आई अभ्यासाच्या नादात स्टँडवर उशिरा पोचली. डबा न्यायला कुणी येईना, तेव्हा त्या भल्या माणसानं झाकण वाचलं आणि डबा कोरेगावच्या गाडीत चढवून दिला. माणूस प्रामाणिक, म्हणून तर घोळ झाला!

संध्याकाळी शेजारच्या दुकानात मामाचा फोन. मी आईच्या शेजारीच उभी.

"आक्के, डबा पोचला गं! वांगं लय झ्याक. पर भाकरीखाली कागुद कसला?"

 आई एकदम ओरडली, "मुडद्या, खाल्लास व्हय?"

"मग? माझं नाव हाय की डब्यावर!"

"त्यो कागुद डब्यात ठेव. सकाळच्या पयल्या गाडीनं घिऊन ये."

"अगं, कंडक्टरकडं देतो की."

"नगं! आता कुणाच्या हाती न्हाई. तू ये. मी फाट्यावर चढती."

आई आजवर एकटी कधी सांगलीला गेली नव्हती. पण भावाला कॉलेज सापडेल याची तिला खात्री नव्हती. सकाळी गाडी आली तर मामा खिडकीत, मांडीवर डबा, तोंड पडलेलं. आई चढली ती दुसरं गाठोडं घेऊनच. मामा म्हणाला, "ह्ये काय आणि?" तर म्हणे, "ताज्या भाकरी. पोरगी उपाशी पेपर लिवंल व्हय?"

कॉलेजच्या फाटकाशी तुझी आई रडत उभी. आईनं तिथंच डबा उघडला. चटणीचं तेल पिशवीत झिरपलेलं, आणि हॉलतिकिटावर तुझ्या आईच्या फोटोला बरोब्बर कपाळावर लाल डाग! दारातल्या सरांनी ते उलटसुलट पाहिलं. "आजी, फोटोला कुंकू लावून आणलंय काय?"

"व्हय सायेब, पोरगी परीक्षेला निघालीया नव्हं."

सर हसले आणि सोडलं आत.

तुझी आई पास झाली. लग्नाचा विषय मागं पडला तो तिला नोकरी लागेपर्यंत. निकालाच्या दिवशीच आई तो डबा घेऊन पलूसला भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं मशीन हातात घेऊन विचारलं, "मालकांचं नाव सांगा." आई म्हणाली, "डबा जिचा, नाव तिचं," आणि तुझ्या आईचं नाव घालून घेतलं. आमच्या घरातल्या भांड्यावर आलेलं ते पहिलं बाईमाणसाचं नाव. माझं अजून एका वाटीवर नाही, बघ!

पुढं तू झालीस. तुला मांडीवर घेऊन आईनं तो डबा मागवला, तुझ्या आईच्या नावाखाली बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "हितं जागा हाय. पोरीला वाचाया याय लागलं की घाल." तुला वाचता येईपर्यंत ती राहिली नाही. आणि मी चालढकल करत बसले.

तर डबा घासूनपुसून ठेवलाय. जागा अजून मोकळी आहे. तू तुझं नाव आईसारखं पूर्ण लिहितेस की नुसतं पहिलंच, ते मला माहीत नाही, ते तूच त्या मशीनवाल्यापुढं उभी राहून सांग. आणि एसटीनं तो डबा मी काही पाठवायची नाही, एकदा पाहिलंय ते पुरे. या रविवारी ये. मी फाट्यावर उभी असेन. वांगं करते.