आक्काच्या कढईपाशी

आक्का तळायला बसताना ठेवणीतलं लुगडं नेसायची. गावातल्या बाकीच्या बाया तळणाच्या दिवशी जुनेर शोधत, कारण संध्याकाळपर्यंत त्याच्यावर तेलाची नक्षी उमटणार हे ठरलेलं. ही मात्र काठापदराचं नेसून, हातभर बांगड्या घालून चुलीपुढे बसायची आणि उठताना जशीच्या तशी उठायची. आमच्या चुलीमागच्या भिंतीला पाठ टेकली तरी चोळीला डाग पडत नसे. शेजारणी काही ना काही निमित्त काढून येत आणि जाता जाता त्या भिंतीवरून हात फिरवून जात.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. नेकनूरच्या अलीकडे आमचं गाव. निजामाच्या अमलात सासऱ्यांकडे पाटीलकी होती, त्यामुळे दौऱ्यावरचा कुणी ना कुणी अंमलदार पंगतीला असायचाच, आणि पाहुणा आला की तळण आलंच. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. मनात मात्र ती कायम एकेरीच राहिली, आईसारखी.

मी त्या घरात आले ती तेलाची धास्ती घेऊनच. पहिल्याच पोळ्याला आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला ओव्याच्या पानांची भजी तळायला बसवलं. मी पानं धुतली, तशीच निथळती पिठात बुडवली आणि लांबूनच कढईत भिरकावली. तेल चवताळलं. घाबरून मी वर परात झाकली आणि वर स्वतःला शहाणीही समजले. परातीखाली वाफेचं पाणी धरलं. ती उचलल्याबरोबर सगळं पाणी तेलात ओघळलं, कढई उतू गेली, तेल चुलीत गेलं आणि जाळ आढ्याकडे झेपावला. आत्याबाई मध्ये पडल्या म्हणून मी वाचले, पण त्यांचं मनगट भाजलं.

"हिला माघारी धाडा," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "जिला कढई झेपंना, तिला पाटलाचं घर काय झेपनार हाय?"

त्या काळी माघारी धाडलेली मुलगी माहेरी कशी जगायची, हे मी माझ्या चुलतबहिणीच्या रूपानं पाहिलं होतं. तिला सणावारी कुणी हळदीकुंकूसुद्धा लावत नसे. मी कोपऱ्यात उभी होते. तेव्हा आक्का बोलली, "आत्याबाई, दिवाळीपस्तोर थांबा. तवर मी शिकिवते तिला."

शिकवणं म्हणजे काय, तर रोज कढईपाशी बसवणं. "लांबून टाकलं की तेल बी लांबपर्यंत मारतंय. जवळ जा, काठावरनं सोड," हे तिचं पहिलं वाक्य. मला ते उफराटंच वाटलं. ज्याची भीती, त्याच्याच जवळ जायचं! पण काठाशी हात नेऊन भजं हळूच सरकवलं, तेव्हा तेल नुसतं कुजबुजलं.

कढई अर्ध्याच्या वर भरायची नाही. घाण्याचं करडईचं ताजं तेल फेसाळतं, म्हणून पहिल्यांदा त्यात बोराएवढी चिंच तळून काढायची. पानं, मिरच्या, जे काय असेल ते फडक्यात दाबून पार कोरडं करायचं. मिरचीला आधी चीर द्यायची, नाहीतर ती बंदुकीसारखी उडते. झाकायचंच असेल तर पिठाची चाळण उपडी घालायची, म्हणजे वाफ निघून जाते आणि थेंब आतच राहतात. चुलीभोवती राख पसरायची. शिंतोडा पडलाच तर राखेत मुरतो, केरसुणीनं लोटला की जमीन साफ. "तेल वंगाळ न्हाई गं," ती म्हणायची, "त्याला फकस्त पानी दावू नको."

आक्काला मूल नव्हतं. आत्याबाई शेजारणींना उघड सांगत, "कूस उजवंना, पर हात हाय तिचा. पंगतीची अब्रू राखती म्हनून गप हाय मी." मोठ्या दिरांसाठी दुसरी मुलगी बघायचं बोलणं दर सुगीला निघे आणि एखादी पंगत तोंडावर आली की मागे पडे. ही रुसून भावाकडे गेली तर तळणार कोण? हे सगळं माझ्या कानांवर होतं. पण माझ्या शिकण्याशी त्याचा काही संबंध असेल, असं त्या वयात माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीच्या आधीच गिरदावरसाहेब वसुलीच्या दौऱ्यावर आले. त्यांना आमच्याकडची भजी लई पसंत. आणि नेमकी आक्का त्या दिवशी बाहेर बसलेली. महिन्याचे ते दिवस, चुलीला शिवायचं नाही, परसात भिंतीपलीकडे बसून राहायचं. आत्याबाईंचा नाइलाज झाला. त्यांनी झारा माझ्या हातात दिला आणि दारात उभ्या राहिल्या.

मी पहिलं पान सोडलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "तडतड लई व्हायली. पानं वली हायेत. काढ, फडक्यात दाब पुन्हा." तिला काहीच दिसत नव्हतं. नुसत्या कानानं ती तळत होती. "आता लाकूड वड मागं... आवाज बसला का? मग उलथ." मी उलथलं. पुढचा सबंध घाणा असाच निघाला. ती बोलत होती, मी हात चालवत होते, आणि कधीतरी तिचं बोलणं थांबलं, तरी हात चालूच राहिले. साहेबांनी दोनदा भजी मागवली. पंगत उठल्यावर आत्याबाई आल्या, भिंतीवरून बोटं फिरवली, बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता धाकलीच्या हातानं भागतंय की."

माझं माघारी जाणं त्या शब्दाबरोबर संपलं. त्याच सुगीत मोठ्या दिरांचं दुसरं लग्न ठरलं.

मी त्या घरात नांदले, लेकरंबाळं झाली, सुना आल्या. चुलीवरून स्टोव्हवर आणि स्टोव्हवरून गॅसवर कढई चढली, पण त्या पोळ्यानंतर आमच्या घरात तळताना आजवर कुणाला भाजलं नाही. हे सगळं आक्काचं देणं आहे. देवापुढे हात जोडते तेव्हा तिचं नाव मी आधी घेते, देवाला राग आला तरी चालेल.

दिरांच्या त्या दुसऱ्या लग्नात, हळदीच्या आदल्या दिवशी आक्का धर्मापुरीला भावाकडे जायला निघाली. कुणी जा म्हटलं नव्हतं. "सवतीला मी पानी बी दीन, पर तिच्या पोटाकडं बघत बसनार न्हाई," एवढंच ती म्हणाली. बैल जुंपलेले होते. मी गाडीचा दांडा धरला. जे आदल्या रात्री मला उमगलं होतं, ते तोंडातून बाहेर पडलं, "आक्का, मी शिकले की तुमचं या घरातलं ठिकान जानार, हे तुमाला ठावं हुतं?"

"हुतं की."

"मग कावून शिकिवलं?"

तिनं वाकून माझी बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवली.

"तुला भाजलं असतं ना, येडे."