टीव्हीच्या खोक्यातली खुडूक कोंबडी

प्रयोगशाळेत नव्या उपकरणाचे खोके उघडले, की थर्माकोलच्या कोऱ्या वासासरशी मला तंजावूरच्या घरातली आमची खुडूक कोंबडी आठवते. पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी आत्याने मांडलेली पेंढ्याची टोपली नाकारून ती ओसरीवर टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात अंडी उबवायला बसली होती.

अठराव्या दिवशी टीव्ही पाहायला पाहुणे येणार होते. मी भर दुपारी कोंबडीसकट खोके परसात नेऊ लागले.

"अगे, काळोख पडल्यावर हलव. उजेडात हलवली तर ती परत बसायची नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, तिला घड्याळ कळतं का?" मी तेव्हा प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते.

मी खोके परसात ठेवताच कोंबडी धावत ओसरीवर परतली आणि खोके होते त्याच जागी, उघड्या फरशीवर पंख पसरून बसली. पाहुणे हसले. मीही हसले.

सकाळी अंडी थंडगार होती. एक मी गुपचूप फोडले. आत पिसे फुटलेले पिल्लू होते. बाकीची मी घाईने पुरून टाकली.

"शिकलेली आहेस, तूच सांग, काय चुकलं माझं?" पिल्लांची वाट पाहणाऱ्या आत्याने विचारले.

"तुझं काही नाही. अंड्यांत जीवच धरला नव्हता. दोष आपल्या कोंबड्याचा."

आत्याचे सांगणे आयुष्यभराच्या निरीक्षणातून आले होते आणि माझे भीतीतून, हे आज स्पष्ट दिसते. तिने मात्र माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवला. रविवारी त्या कोंबड्याचे रस्सेदार कुळंबू शिजले, आणि मी दोनदा वाढून घेतले.