देवचारावरचा आळ

माझी पहिली दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी सासूबाई मला एक अक्षर बोलल्या नाहीत. परसात उभ्या राहून त्यांनी देवचाराला मात्र तोंडाला येतील तेवढ्या गाळी घातल्या. आमच्या मालवणाकडे गावाची सीमा राखतो तो देवचार. वर्षाकाठी त्याला कोंबा, म्हणजे कोंबडा, दिला की तो घरादारावर लक्ष ठेवतो, असं सगळे धरून चालतात. सासूबाईंचं आणि त्याचं जुनं वैर होतं. त्यांचीही चार बाळं अशीच गेली होती, मग कुठे आमचे हे जगले. त्यामुळे दरवर्षी कोंबाही द्यायचा आणि वर शिव्याही द्यायच्या, असा त्यांचा रिवाज होता.

हे दिवाळीला येऊन गेले आणि मला तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा मी कोंब्याच्या भरवशावर बसायला तयार नव्हते. मी मुळातली हट्टी. मालवणात तेव्हा एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांच्याकडे गेले. त्यांनी रक्त घेऊन तपासायला पाठवलं. काही दिवसांनी मला परत बोलावून दार लोटून घेतलं, आणि म्हणाल्या, "तुम्हाला गरमी आहे, म्हणजे सिफिलिस. इंजेक्शनं घेतलीत तर हे मूल वाचेल. पण नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी, नाहीतर तो रोग तुम्हाला पुन्हा देईल."

गरमी कुठून येते ते आमच्या गावात लहान पोरालाही माहीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी आयुष्यात एकाच पुरुषाचं तोंड पाहिलेलं, आणि तो वर्षातले दहा महिने बोटीवर.

ते शिमग्याला घरी आले. पुरणपोळी खाऊन होईपर्यंत मी कळ काढली, मग सासूबाईंच्या देखतच सगळं सांगितलं. एकटीने कुढत बसणं मला जमत नाही. सासूबाई खाली मान घालून सुपारी कातरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मालवणला जायला आम्ही निघालो, तर त्याही लुगडं बदलून दारात उभ्या.

दवाखान्यात आमच्या ह्यांनी खुर्चीत बसायलाच नकार दिला. "माका काय एक झालेला नाय. बोटीर चढताना दरवेळी डॉक्टर तपासता."

"काय तपासतात?" बाईंनी विचारलं.

"डोळे. छाती."

"रक्त घेतात?"

हे खिडकीबाहेर बघू लागले. मी मनात म्हटलं, बघ आता बाहेर, बंदरात जितक्या होड्या आहेत तितक्या मोज. पण माझे हात पोटावरून हलत नव्हते, हेही खरंच. हा माणूस असाच उठून बोटीवर गेला असता तर माझं तिसरंही गेलं असतं.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या आणि त्याच खुर्चीत बसल्या. चोळीची बाही वर सारून त्यांनी हात टेबलावर ठेवला.

"पयला माझा रगत घेवा," त्या म्हणाल्या. "माझी चार गेली. तेवा कोणी माका असा काय विचारूक नाय."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि सुई घेतली. ते होईपर्यंत हे भिंतीला टेकून उभे होते. आई उठली तसे मुकाट्याने खुर्चीत बसले.

निकाल आला तो दोघांचा सारखाच. गरमी. सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते जन्मभर गलबतावर तांडेल होते. बाई सासूबाईंना समजावून सांगत होत्या, आणि त्या मान हलवत होत्या. येताना गाडीत त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे तेवा ही सुई असती तर माझी जगली असती?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? मग मला रडू आलं, त्यांना नाही.

आम्ही तिघांनीही कमरेत इंजेक्शनं घेतली. हे घेऊन झाल्यावरच बोटीवर गेले. पावसाळ्यात मला मुलगी झाली, आणि इतकी मोठ्याने रडली की सुईण हसायला लागली.

पाऊस उघडल्यावर सासूबाई कोंबा घेऊन वेशीकडे निघाल्या. मी म्हटलं, "आये, आता कित्याक? आता कळला मा सगळा?" त्या चालतच राहिल्या. मी मुलीला छातीशी धरून मागोमाग गेले. मला वाटलं, नेहमीसारख्या शिव्या ऐकू येतील. पण त्यांनी कोंबा ठेवला, पदर पुढे घेतला आणि देवचाराच्या दगडासमोर हात जोडले.

"बाबा, माझी पोरा तू नेलंस म्हणान इतकी वर्सा तुझ्यार आळ घातलंय," त्या म्हणाल्या. "तुझी चूक नाय हुती."

चूक कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर सासऱ्यांच्या तसबिरीवरचा सुकलेला हार त्यांनी काढला. नवा कधीच घातला नाही.