बिननंबरची पोपटी जीप

आधीच सांगून टाकतो — मी या ग्रुपवर श्रद्धेनं आलेला माणूस नाही. दोन वर्षं इथले किस्से वाचतोय ते फुकटची करमणूक म्हणून. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाच्या मामाला चकवा लागतो, आणि सगळ्यांचा मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो. जेवताना एखादा किस्सा वाचायचा, हसायचं, हात धुवायला उठायचं. खाली 'बाप रे, काटा आला अंगावर' लिहिणाऱ्यांची तर मला कीव यायची. आता मीच लिहायला बसलोय, तेव्हा काय हसायचं ते हसून घ्या. मला तक्रार करायला तोंड नाही.

मी बुलढाण्याचा. वडील शिक्षक होते. मी पुण्यात सात वर्षं वेबसाइट आणि अ‍ॅपची डिझाइनं केली, आता तीच नोकरी धाड रोडच्या घरातल्या वरच्या खोलीत बसून करतो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगतो, नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे. अ‍ॅप बनवायच्या आधी त्याचं एक सोंग बनवतात. त्याला प्रोटोटाइप म्हणतात. नुसती चित्रं असतात. बटणाच्या चित्रावर बोट ठेवलं की पुढचं चित्र येतं, बस. मागे काही नसतं. ना कुठे निरोप जातो, ना कोणाला फोन. हे सगळं एका ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये चालतं, जिथे पाच-सहा जण एकाच फाइलवर एकाच वेळी काम करतात. प्रत्येकाचा बाण त्याच्या नावासकट स्क्रीनवर फिरत असतो, आणि जिथे खोड काढायची तिथे टाचणी लावल्यासारखी कॉमेंट टाकता येते. लिंक दिली तर बाहेरचा माणूसही मोबाईलवर ते सोंग उघडू शकतो. तो आला की वर कोपऱ्यात एक करडा गोल दिसतो, त्याखाली लिहिलेलं असतं — पाहुणा.

तर मलकापूरच्या एका शेठना खेड्यापाड्यात जीप बोलवायचं अ‍ॅप हवं होतं. शेठना मोबाईलमध्ये लग्नाचे व्हिडिओ बघण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण अ‍ॅप हवं होतं. असो. पुण्याहून केतकी या कामाची मुख्य होती. तिनं जन्मात मोताळा तालुका पाहिलेला नाही, पण आमच्या लोकांना काय आवडतं ते तिला पाठ. जीपचा रंग पोपटी हवा म्हणाली, फ्रेश वाटतो. मी कॉमेंट टाकली, "आमच्या जिल्ह्यात पोपटी जीप फक्त पोरांच्या चित्रकलेच्या वहीत असते. खरी पांढरी असते, आणि तीही धुतली तर." तिनं हसणारा चेहरा टाकला आणि रंग पोपटीच ठेवला. वर अजून एक टाचणी, "नंबर प्लेट काढ, एवढ्याशा चित्रात गचडी होते." काढली. जीपचं चित्र तरी कुठे मी काढलं होतं. एका परदेशी चित्रसंचातनं उचललं, रंग बदलला, प्लेट पुसली. वरून पाहिलेली, हरभऱ्याएवढी जीप. सोंगात चार पानं होती: गाव निवडा, जीप बोलवा, शोधत आहोत, आणि शेवटचं — 'गाडी निघाली आहे'.

मग टेस्टिंग. म्हणजे खऱ्या माणसाच्या हातात देऊन बघायचं. केतकीला 'अगदी ग्रामीण' युजर हवी होती. ती माझ्या नात्यातच होती. माझी कमलमावशी, धामणगाव बढ्याच्या पुढे चार किलोमीटरवरच्या गावात राहते. नानाकाका आणि ती, दोघंच. पाच एकर कपाशी-तूर, एक म्हैस, मुलगी सुरतेला दिलेली. रविवारी गाडीवर गेलो, मावशीच्या मोबाईलवर लिंक टाकली आणि म्हटलं, दाब.

मावशीनं दाबलं. 'गाडी निघाली आहे' आलं. ती उठली, पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली.

मी पोट धरून हसलो. म्हटलं, "मावशी, ये आत. खोटं आहे ते. चित्र आहे नुसतं."

"चित्र हाय?"

"हो."

"मंग गाडी निघाली असं काऊन लिवलं?"

"अगं, दाखवायला."

"नसन येत तं लिवू नाई बावा," मावशी म्हणाली. "एखांदा वाट पायत बसन ना."

नानाकाका बाजेवर बसून सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "तुले समजत नाई त्याच्यातलं. शहरात असंच रायते." मी ओट्यावरच्या मावशीचा फोटो काढला आणि तिथूनच केतकीला पाठवला. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी मावशीची नक्कल केली, तिच्या बोलीसकट. सगळे लोळायचे बाकी होते. आपल्या माणसाची टिंगल करून पुण्याच्या लोकांना हसवण्यात एक वेगळी मजा असते, आणि ती मी सात वर्षं घेत आलोय.

त्याच आठवड्यात गुरुवारी, सकाळी अकराला शेठसमोर आमचं सादरीकरण होतं. ऑनलाइन. शेठ, केतकी, मी, सगळे फाइलमध्ये. केतकी बोलत होती आणि कोपऱ्यात करडा गोल आला. पाहुणा. ती लिंक मी एकाच माणसाला दिलेली होती.

गोलावर क्लिक केलं की तो पाहुणा काय बघतोय ते आपल्याला दिसतं. मी क्लिक केलं. जीप बोलवा. शोधत आहोत. गाडी निघाली आहे. परत मागे. जीप बोलवा. शोधत आहोत. गाडी निघाली आहे. असं आठ-दहा वेळा. केतकीच्याही लक्षात आलं. "तुझी मावशी का रे?" मी म्हटलं, "अजून ओट्यावर उभी असेल पिशवी घेऊन." शेठसुद्धा हसले. मी त्या बटणावर टाचणी लावली आणि लिहिलं, "या बाईला कोणीतरी सांगा, गाडी येत नसते." सगळ्यांना दिसेल अशी.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. मावशी. मी कापला. परत वाजला. परत कापला. आणि तिकडे स्क्रीनवर तो पाहुणा मागे-पुढे, मागे-पुढे. शेठ नेमके रंगाबद्दल विचारत होते आणि त्या गोलानं माझं डोकं फिरलं. मी सेटिंगमध्ये गेलो आणि लिंक बंद केली. गोल गेला. अकरा चोवीस झाले होते. वेळ मला आठवायची गरज नाही, त्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात कोणी कधी काय केलं ते सगळं राहतं. माझ्या नावासकट आहे तिथे.

दुपारी तीनला मावशीचा पुन्हा फोन आला. आता उचलला.

"बावा, नानाचं आता बरं हाय," ती म्हणाली. "मलकापुरात दवाखान्यात हावो आमी. तुह्या गाडीनंच आणलं."

मला काही कळेना. दवाखान्याचं नाव विचारलं, गाडीला किक मारली, राजूर घाट उतरलो, मोताळा सोडलं आणि मलकापूर गाठलं. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक होता, वेळेत आणलं म्हणून ठीक आहे, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. नानाकाका आत नळ्या लावून झोपले होते. मावशी बाहेर बाकावर बसली होती, तीच पिशवी मांडीवर. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मी माझ्या शब्दांत लिहिलं तर मी त्याला शहाणपणाचा मुलामा देईन.

"वावरातून आले अन् बाजीवर बसले. घामानं वले झाले अन् छातीले हात लावला. मी बाहीर धावली तं गावात कोनीच नाई. पाटलाच्या पोरीचं लग्न होतं नांदुऱ्याले, समद्या गाड्या वऱ्हाडात गेल्या. ते अँबुलन्स का काय, ते मले सुचलंच नाई बावा. तुवं ते बटन दाबलं, मंग तुले फोन लावला, तू उचलला नाई. मंग पुन्ना तेच बटन. दाबून राह्यली, दाबून राह्यली. गाडी निघाली म्हने, अन् येतच नाई."

"मग?"

"मंग ते चित्र गेलं ना. पांढरं पान आलं, इंग्रजीत कायतरी दोन शब्द. मले काय इंग्रजी वाचता येते? मी त्या पांढऱ्या पानावरच बोट ठेवलं, जिथीसा ते बटन होतं तिथीसाच. अन् दारात हारन वाजला."

मी विचारलं, "कोणाची जीप होती?"

"तुहीच. पोपटी."

मग स्वतःला सांगितलं, तिनं मोबाईलवर पोपटी पाहिली, घाबरलेल्या बाईला पांढरी जीप पोपटी दिसली असेल. पटलं मला. मला नेहमी पटतं. चहा आणतो म्हणून खाली गेलो आणि गेटवरच्या वॉचमनला सहज विचारलं, साडेबारा-एकच्या सुमारास पेशंट घेऊन पांढरी जीप आली होती का?

"पांढरी नाई," तो म्हणाला. "पोपटी आलती एक. ऐन गेटात लावली त्यानं. तुमच्यावालीच काय? हटवा म्हनलं तं बोलायले तयार नाई. तोंडाले दुपट्टा गुंडायेल."

"नंबर लिहिला असेल ना तुम्ही?"

त्यानं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर होता. एका ओळीत नंबरच्या जागी त्यानं लिहिलं होतं, 'पोपटी जीप, बिना नंबर.' म्हणाला, "पुढून पाह्यलं, मांगून पाह्यलं, पलेटच नाई. काय लिवू मंग? भोकंबी नवते पलेटीचे." तो हे लिहून रजिस्टर ठेवेपर्यंत गाडी गेली म्हणे निघून.

चहा तिथेच राहिला. वर येऊन मावशीला विचारलं, डायव्हर गावाकडचा होता का, काही बोलला का. काहीच बोलला नाही म्हणाली. सारा रस्ता ती मागे बसून काकांचं डोकं मांडीवर धरून होती. "उतरल्यावर मी पानी इचाराले त्याच्या दाराशी गेली, तं तिकडची शिट रिकामी. तो उलट्या बाजूनं बसेल होता. डाव्या हाताले. अशी कशी गाडी बनवली बावा तुमी?"

हे मात्र मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. रात्री घरी आल्यावर फाइल उघडली आणि ती हरभऱ्याएवढी जीप मोठी करत गेलो, स्क्रीनभर होईपर्यंत. परदेशी चित्र ते. स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. चार महिने आम्ही पाच शहाण्यांनी रंगावरून, प्लेटवरून भांडणं केली, ते कोणाच्याही नजरेत आलेलं नाही. मावशीच्या मोबाईलवर तर ते दिसणं शक्यच नाही.

इतिहासही पाहिला. लिंक बंद, अकरा चोवीस, माझं नाव. त्यानंतर कोणी ती उघडलेली नाही. म्हणजे ती जीप सोंग चालू होतं तेव्हा आली नाही. मी दार लावून घेतल्यावर आली.

केतकीला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, कोणीतरी भला माणूस असेल, तुमच्याकडे अजून असतात ना तसे लोक." पूर्वी मीही अगदी याच सुरात बोललो असतो. त्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर, मलकापूरच्या गॅरेजात, शेठच्या ओळखीच्या दीडशे जीपवाल्यांत, सगळीकडे विचारून झालं. डाव्या स्टिअरिंगची, बिनप्लेटची पोपटी जीप कोणीही पाहिलेली नाही. शेठचं अ‍ॅप पुढे बनलंच नाही, त्यांना आता हॉटेल काढायचंय. तुमच्यापैकी कोणी 'ऊर्जा' वगैरे शब्द घेऊन खाली कॉमेंटमध्ये येणार असेल तर कृपा करा, येऊ नका. मला शब्द नकोत. माझ्याकडे उत्तर नाही आणि तुमच्याकडेही नाही.

नानाकाका आता हिंडतात-फिरतात. मागच्या महिन्यात गेलो होतो. मावशीनं शेजारच्या दोन बायांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, मला दाखवायला. "हाच तो माहा भाचा," ती त्यांना सांगत होती. "फोन नाई उचलला त्यानं, मीटिंगात होता बिचारा. पन गाडी धाडली. तुमचे पोरं उचलतात फोन, अन् येतो-येतो म्हनतात."

बाया माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. काकांनी त्यांच्या हातानं कातरलेली सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. मला सांगायचं होतं. मावशी, मी हसत होतो गं तेव्हा, दोनदा फोन कापला, आणि लिंक मीच बंद केली. तोंडापर्यंत आलं आणि मी सुपारी तोंडात टाकली.

त्या बटणावरची माझी टाचणी अजून तिथेच आहे. 'गाडी येत नसते.' खाली माझं नाव. पुसायला गेलं तर पुसता येते, दोन सेकंदांचं काम आहे. मी पुसलेली नाही. लिंक मात्र परत उघडून ठेवली आहे, आणि मावशीचा फोन आता मी कुठेही असलो तरी पहिल्या रिंगला उचलतो. तिला त्याचंही कौतुक वाटतं.

हे इथे लिहितोय, कारण मावशी हा ग्रुप वाचत नाही. ती गाडी कोणी पाठवली, मला माहीत नाही. मी पाठवली नव्हती, एवढंच माहीत आहे.