नळीची एकादशी

आमच्या सासूबाई, रंभाबाई, सोलापूरच्या भवानी पेठेत हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. हट्टात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण थोरली बहीण केराबाई पोटातल्या गाठीनं गेली, तेव्हापासून साधी ढेकर आली तरी त्यांना वाटे, आता आपली पाळी.

१९३० च्या सुमारास नव्या पेठेत डॉक्टर पंचाक्षरी आले. ज्यांच्या जठरात आंबट रस होत नाही त्यांनाच पुढे अशी गाठ जास्त होते का, याचा शोध घ्यायचा त्यांना ध्यास होता. मी सासूबाईंना त्यांच्याकडे नेलं, तेव्हा त्यांनी सकाळी उपाशी यायला सांगितलं. जठरातला रस ओढून काढायची रबरी नळी घशाखाली गेली आणि शेंगदाण्यानं तुंबली. डॉक्टर चिडले.

"उपाशीच हाय की," सासूबाई म्हणाल्या. "एकादशी हाय आज. शेंगदाणं चालत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र पोट धरून हसले.

पुढच्या खेपेला त्या खरोखर रिकाम्या पोटी गेल्या. त्यांना धीर यावा म्हणून डॉक्टरांनी आधी स्वतः नळी गिळली. त्यांच्या रसात पिवळ्या औषधाचा थेंब पडताच तो कुंकवासारखा लाल झाला. सासूबाईंचा पिवळाच राहिला, म्हणजे त्यांच्या जठरात आंबट रस नव्हताच. आज आजार नाही, पण दरवर्षी बघत राहू, असं ते म्हणाले. धडधाकट बाईला हा छळ कशाला, म्हणून मी घरी चांगलीच धुसफुसले. सासूबाई मात्र दरवर्षी 'नळीची एकादशी' धरू लागल्या, तीही निर्जळी.

काही वर्षांनी त्या रसात रक्ताचा अंश दिसला. दुखत काहीच नव्हतं, भाकरी रोजच्यासारखी जात होती. तरी डॉक्टरांनी त्यांना मिरजेच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. शस्त्रक्रियेनंतर तिथल्या सर्जननं जठराचा कापून काढलेला तुकडा मला दाखवला. आत हरभऱ्याएवढी गाठ होती, आणि ती कर्करोगाचीच होती. केराबाईंची गाठ हाताला लागली तेव्हा वेळ निघून गेली होती. ही तर ज्या पोटात होती त्या पोटालाही ठाऊक नव्हती. सोलापूरला परतल्यावर मी दवाखान्यात टांगलेल्या त्या रबरी नळीला हात जोडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

सासूबाई हिंडूफिरू लागल्या आणि पहिल्याच एकादशीला दवाखान्यात हजर झाल्या. आता तुमच्यासाठी नळीची गरज नाही, असं डॉक्टर सांगू लागले, तोच सासूबाईंनी मागे उभ्या असलेल्या बाळाबाईला हाताला धरून पुढे आणलं.

"केराची लेक हाय. उपाशी आणलीया, पाणी बी पाजलं न्हाय. हिच्या आईचं बगायचं ऱ्हाऊन गेलं, डाक्टर. हिचं बगा."