गुडघ्याएवढा उंबरठा

मिस्त्रीच्या नाकावर कधी माशी बसली नाही, पण त्याला ते शोभत होतं. त्याने बसवलेलं दार लावून घेतलं, की फटीतून पोस्टकार्डसुद्धा सरकत नसे.

सात वर्षांचा असताना तो आईचं बोट धरून बोटीतून या परक्या गावात उतरला होता. मागे घर राहिलं, बाप मातीत राहिला, आणि टेकडीवरचं लाकडी चर्च राहिलं. ते पुढे जळाल्याची बातमी आली. बरोबर आलेल्या साठेक घरांनी मग चाळीस वर्षं एका शाळेच्या व्यायामशाळेत प्रार्थना केली. दर रविवारी घडीच्या खुर्च्या मांडायच्या, दर रविवारी उचलून भिंतीला लावायच्या. प्रार्थना संपली की मिस्त्रीची आई तोंडातल्या तोंडात पुटपुटे, "देवालाही इथं घामाचा वास येत असेल. एकदा लाकडाच्या वासात बसायचंय रे मला. मग खुशाल न्या."

म्हणून चर्च बांधायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रीने दुसरी सगळी कामं सोडली.

नकाशा काढणारी बाई तरुण होती, हुशार होती. तिने नव्या तऱ्हेचं चर्च काढलं होतं. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून वाकवलेल्या कमानी, त्या उलट्या होडीच्या फासळ्यांसारख्या वर जाऊन भेटणाऱ्या, आणि मध्ये उंच काच. मिस्त्रीला ते मनापासून आवडलं. अडलं ते फक्त दारापाशी.

"इथं उंबरठा नाही," तो म्हणाला.

"मुद्दामच नाही. सगळ्यांना सरळ आत येता यावं."

"आमच्या चर्चला उंबरठा होता. गुडघ्याएवढा. पाय उचलल्याशिवाय देवाकडे जाता येत नसे."

"काका, गुडघ्याएवढा? म्हातारी माणसं कशी येतील?"

"तिकडे काय म्हातारी माणसं नव्हती? तुम्ही पाहिलंय का ते? मी पाहिलंय."

बाईने हात टेकले. मग मिस्त्रीने एका अखंड ओंडक्यातून उंबरठा काढला. आपल्या गुडघ्याला लावून माप घेतलं, दोन्ही टोकं चौकटीच्या खाचांत अशी ठोकली, की तो नंतर वेगळा दिसेना. आईला मात्र त्याने बजावलं होतं, "पूर्ण होईपर्यंत यायचं नाही. त्या दिवशी एकदमच बघ."

तो दिवस आला. वसंतातला रविवार होता. आईने कपाटातली ठेवणीतली शाल काढली होती. मिस्त्रीच्या हाताला धरून ती दारापर्यंत आली, कमानींकडे बघत राहिली, आणि तिने नाकाने दीर्घ श्वास ओढला. मग पाय उचलला. बुटाचं टोक उंबरठ्यावर आपटलं. पुन्हा उचलला, पुन्हा आपटलं. चार बोटांच्या वर तिचा पाय जाईना.

मागे माणसं खोळंबली. कुणीतरी हळूच म्हणालं, "प्रार्थनेला आलोय की कुंपण ओलांडायला?"

आईने खाली पाहिलं आणि ती हसायला लागली. "अरे वेड्या, तो तुझ्या गुडघ्याला लागायचा! सात वर्षांचा होतास तू. माझ्या तर पोटरीच्या मध्यापर्यंत यायचा."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आजूबाजूची माणसंही हसली, आणि ते हसणं त्याला आईच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. "चल, उचलून नेतो," तो पुटपुटला.

"मी काय पोतं आहे? उचलून न्यायच्या दिवशी न्यालच."

फादर लगबगीने पुढे आले. "आजी, मागच्या बाजूला सामानाच्या खोलीचं दार आहे. तिथं उंबरठा नाही."

"देवाकडे मागच्या दारानं? नको हो. जाईन तर माझ्या लेकाच्या दारानं. मी बसते इथं बाकावर."

बाक दाराजवळ, भिंतीला टेकून होतं. तेही मिस्त्रीनेच केलेलं. आई त्यावर शाल सावरून बसली आणि तिने त्याला हाताने आत ढकललं.

त्या संध्याकाळी मिस्त्री एकटा परत आला. उंबरठ्यावर बुटाचे दोन काळे ओरखडे उमटले होते. त्याने ते काचकागदाने घासले, वरून तेलाचा हात फिरवला. लाकूड पुन्हा कोरं झालं.

फादर म्हणाले, कापून टाका. नकाशावाली बाई म्हणाली, काका, अजूनही कापता येईल. मिस्त्री म्हणाला, चौकटीचे दोन्ही खांब उंबरठ्यानेच धरलेत. हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिघांनाही माहीत होतं. "बाहेर आणि आत पायऱ्या करतो, कठडा लावतो," असं तो घरी आईला सांगे.

"कर सावकाश. पण उंबरठ्याला हात लावू नकोस हं. लोक लांबून बघायला येतात. आणि मला बाकावरून सगळं ऐकू येतं."

"सगळं?"

"फादर खोकतात ते पण."

सगळं ऐकू येतंय म्हटल्यावर मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. पायऱ्यांच्या फळ्या कापून तयार होत्या. एका रविवारी खिडकीच्या चौकटीचं काम निघालं, एका रविवारी पाहुणे आले, मग थंडी पडली. आई शालीवर शाल घेऊन बाकावर बसत राहिली. तिला खोकला झाला. तो छातीत उतरला, आणि नवव्या दिवशी ती गेली.

चौघांनी तिला खांद्यावरून आत नेलं. उंबरठा ओलांडताना चौघांनी पाय उंच उचलले. तिला उचलावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री करवत घेऊन दारात बसला. ती आत येऊ शकली असती, तेवढाच उंबरठा त्याला ठेवायचा होता. तिचा पाय पोचला होता तिथले बुटाचे ओरखडे त्याने शोधले. हात फिरवला, गाल टेकवून तिरप्या उजेडात पाहिलं. लाकूड गुळगुळीत होतं. त्याने काही राखून घासलंच नव्हतं. शेवटी त्याने उंबरठा पार जमिनीलगत कापून काढला, आणि दाराला खालून तेवढीच फळी जोडून फट बुजवली.

पुढच्या रविवारी म्हाताऱ्या बायका बोलत बोलत सरळ आत गेल्या. खाली कुणी पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्री आत गेला नाही. तो बाकावर आईच्या जागी बसला. गार वारा येत होता, म्हणून आतून कुणीतरी नेहमीसारखं दार लावून घेतलं.

आत प्रार्थना सुरू झाली असणार. सगळे उभे राहिले असतील, गात असतील. मिस्त्रीने श्वास रोखला, कान भिंतीला लावला, मग दाराला लावला.

काहीच ऐकू येत नव्हतं.